तासीला मूल नव्हतं

सोतो, कुरासाव
९ फेब्रुवारी २००४

श्री. कास्पर टेरलिंडेन यांस,

आपली ओळख नाही. तुमची 'नोइट्रुस्टची बारा वर्षं' ही कादंबरी डचमधून आमच्या बेटाच्या पापियामेंतु भाषेत आणायचं काम विलेमस्टाडच्या प्रकाशकांनी माझ्यावर सोपवलं आहे. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं डच शिकवते. घरी एक भाषा बोलणाऱ्या पोरांना दुसऱ्या भाषेत गप्प बसायला शिकवते, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात आणि आपल्याच विनोदावर हसतात. प्रकाशक म्हणाले, लेखकाला ई-मेल चालत नाही, कागदावर लिहा. मलाही तेच बरं. लाल शाईची बाटली मात्र तूर्त बाजूला ठेवली आहे.

माझी पद्धत अशी, की पुस्तक आधी तीनदा वाचायचं, अडलेल्या जागांची यादी करायची आणि लेखकाची उत्तरं आल्याशिवाय पुढे जायचं नाही. यादी सोबत जोडली आहे. बऱ्याचशा गोष्टी किरकोळ आहेत. पान १९ वर तुम्हाला सांभाळणारी याया, तासी, मक्याच्या फुंचीत साखर घालते. आमच्याकडे फुंचीत कुणी साखर घालत नाही. तुमच्या एकट्याच्या ताटलीत घालत असेल तर तसं लिहा, नाहीतर अख्खं बेट मला हसेल. पान ४२ वर वारा पश्चिमेकडून येतो. इथे वारा पूर्वेकडूनच येतो, आणि झाडंसुद्धा त्याला कंटाळून एकाच बाजूला वाकली आहेत.

दोन जागा मात्र किरकोळ नाहीत.

पहिली. पहिल्या प्रकरणात तुम्ही आईबरोबर बोटीने हॉलंडहून येता ते तीन महिन्यांचे असताना, आणि तासी त्यानंतर कामाला लागते. अकराव्या प्रकरणात तीच तासी तुमची नाळ घरामागच्या चिंचेखाली पुरते. नाळ आठ-दहा दिवसांत गळून पडते. मग तासीने पुरलं ते काय? अख्खं पुस्तक त्या चिंचेभोवती उभं आहे, म्हणून विचारते.

दुसरी. पान ६४ वर तुम्ही लिहिता, 'तासीला मूल नव्हतं. मीच तिचं मूल होतो.' हे तुम्हाला कसं माहीत?

उत्तर आलं की कामाला लागेन.

लुडविना इसेनिया


हार्लेम
२७ फेब्रुवारी २००४

लुडविनाबाई,

तुमचं पत्र वाचताना मी पाठ ताठ करून बसलो होतो. पन्नाशी उलटून गेली तरी बाईंच्या यादीपुढे हात पुढे करावासा वाटतो. फुंचीतली साखर माझ्याच ताटलीत होती. वारा सपशेल चुकला. चव्वेचाळीस वर्षं या ओल्या देशात राहून दिशा हरवल्या आहेत माझ्या. इथे मी खिडकी उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. बायको म्हणते, तू एका जागी बसून लिहितोस तरी कसा. खरं म्हणजे मी बसत नाही, फेऱ्या मारत लिहितो.

आता चिंच. बाई, आठवण म्हणजे शाळेचं हजेरीपुस्तक नव्हे. तारखेचा घोळ माझा, पण गोष्ट खरी आहे. आमच्याकडे पावसाचं पाणी टाकीत साठवून जपून वापरायचे, तरी याया रोज सकाळी एक वाटी पाणी त्या चिंचेच्या मुळाशी ओतायची. मी सहा वर्षांचा असताना विचारलं, इथे काय आहे. ती म्हणाली, नाळ पुरली आहे. माझी? म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तुझीच. दुसऱ्या कुणाची असणार?" त्या एका वाक्यावर मी आजवर तगलो आहे. हॉलंडमध्ये मला बेटावरचा म्हणतात, बेटावर कुणी मला बेटाचा म्हणत नाही. पण माझी नाळ तिथे आहे. आईने बाळंतपणानंतर ती जपून ठेवली असेल आणि यायाने पुरली असेल, आणखी काय.

नोइट्रुस्टच्या वाड्याचं आता हॉटेल झालं आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. पापियामेंतु आवृत्ती येईल तेव्हा, सप्टेंबरात, ते लोक चिंचेखाली एक फलक लावणार आहेत: या लेखकाची नाळ इथे पुरली आहे. मी येणार आहे. पुढेमागे माझी राखही तिथेच ठेवावी, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं आहे.

मुलाबद्दल विचारलंत. आईने तासीला ठेवून घेताना विचारलं होतं, तुला मुलंबाळं आहेत का. घरी मूल असलेल्या बाईचं अर्धं मन घरी राहतं, असं आईचं मत होतं. तासी नाही म्हणाली. आई हे पुष्कळदा सांगायची.

याया कधी वारली, तेवढं मला नक्की कळलं नाही. पुस्तकात मी तिला १९८१ साली मारलं आहे. तुम्हाला कुणाकडून काही कळलं तर जरूर कळवा.

तुमचा,
कास्पर टेरलिंडेन


(हे पत्र पाठवलेलं नाही.)

सोतो
१२ मार्च २००४

टेरलिंडेन,

तासीला मूल होतं. ते मूल हे पत्र लिहितं आहे.

तुमच्या जन्माच्या महिन्यात माझाही जन्म झाला. तीन महिन्यांची असताना मला आजीकडे ठेवून माय तुमच्याकडे कामाला आली. एक आड एक रविवारी भेटायची. चार तास चालत यायची, चार तास चालत जायची. मी तिला माय म्हणत नव्हते, तासी म्हणत होते, कारण आजी तसं म्हणायची. तुम्ही सगळे साठ साली निघून गेलात आणि ती घरी परत आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. मला तिचा वास ओळखीचा वाटत नव्हता. माय म्हणायला मला आणखी एक वर्ष लागलं.

ती मेलेली नाही. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, साखरेच्या आजाराने डोळे गेले आहेत, आणि आत्ता माझ्या ओट्यावर वाटाणे सोलते आहे.

आणि मी काय करायचं? माझ्या हाताने, माझ्या आईच्या भाषेत लिहायचं, की माझ्या आईला मूल नव्हतं. काम सोडून द्यावं असं दहादा मनात आलं. पण मी सोडलं तर दुसरं कुणीतरी ते वाक्य लिहील. ते पुस्तक शाळेत लागेल, आणि माझीच पोरं मला ते मोठ्याने वाचून दाखवतील.

तुमचं पत्र आल्यावर मी मायला विचारलं, तू त्या बाईला खरंच नाही म्हणालीस? तिने वाटाण्यांचं भांडं उचललं आणि आत गेली. आंधळी बाई, भिंतीला हातसुद्धा न लावता गेली. माझा राग तुमच्यावर होता. आता तो घेऊन मी कुठे जाऊ, मला कळत नाही.


सोतो
२० मार्च २००४

श्री. टेरलिंडेन,

उत्तरांबद्दल आभारी आहे. पहिली दहा प्रकरणं झाली. पान ६४ वर जागा कोरी सोडली आहे.

माझ्याकडे एक म्हातारी बाई राहते. तिने तरुणपणी मोठ्या घरांत काम केलं आहे. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून दुपारी मी तिला त्या दिवशीचं काम वाचून दाखवते. तिचे काही शेरे कळवते, तुम्हाला उपयोग होईल. स्वयंपाकघरामागच्या खोलीला तुम्ही 'उबदार कोपरा' म्हटलं आहे. ती विचारते, त्या कोपऱ्याला खिडकी नव्हती हे लेखकाला कुणी सांगितलं नाही का. यायाचा कप वेगळा, पत्र्याचा, खिळ्याला टांगलेला असायचा. तुमच्या पुस्तकात तिला चिनी मातीचा कप मिळाला आहे. त्याबद्दल म्हातारी तुमचे आभार मानते.

एकोणिसाव्या प्रकरणातला यायाचा अंत्यविधी तिला फार आवडला. असला खर्च कुणी करत नाही म्हणाली. एवढं हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

लु. इसेनिया


हार्लेम
५ एप्रिल २००४

लुडविनाबाई,

तुमची म्हातारी हे माझं मोठं भाग्य आहे. तिला माझा नमस्कार सांगा. पुढच्या आवृत्तीत कप बदलेन, खिडकीही बुजवेन. आणखी काय काय म्हणते ते सगळं लिहून पाठवा. तिला आमची तासी ठाऊक होती का, हेही विचारा. त्या काळी मोठ्या घरांतल्या बायका चर्चमध्ये एकमेकींना भेटत असणार.

तुमच्या पत्राने एक गोष्ट वर आली. पुस्तकात ती नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना एका रविवारी स्वयंपाकघराच्या दाराशी एक मुलगी आली. माझ्याच वयाची, पांढरा झगा, हातात अंड्यांची टोपली. याया तिला पायरीवर बसवून तिचे केस विंचरत होती. बराच वेळ विंचरत होती. मी विचारलं, ही कोण. बहिणीची मुलगी, ती म्हणाली. मला फार राग आला, बाई. माझे केस ती इतका वेळ कधी विंचरत नसे. जाताना यायाने तिला आमच्या घरातला अर्धा पाव दिला. मी धावत जाऊन आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात जाऊन काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण ती मुलगी पुन्हा आली नाही. याया आठवडाभर माझ्याशी नेहमीसारखीच वागली, आणि तेच मला विचित्र वाटलं.

हे मी पुस्तकात घातलं नाही, कारण कुठे बसत नव्हतं. ज्या पुस्तकात यायाला फक्त मी आहे, तिथे ती मुलगी कुठे बसवणार? आज तुम्हाला का सांगतो आहे, मला ठाऊक नाही. तुमचा माझ्याशी काही संबंध नाही म्हणून सांगणं सोपं जात असेल.

कास्पर


सोतो
१९ एप्रिल २००४

टेरलिंडेन,

ती मुलगी बहिणीची नव्हती. मायला बहीणच नव्हती. ती मुलगी मी.

टोपलीत नऊ अंडी होती. आजीने तुमच्या आईसाठी दिली होती, म्हणजे आत घेतील. केस विंचरायला वेळ लागला, कारण तोवर माय माझ्याशी हळूच बोलत होती. विंचरणं थांबलं असतं तर मला निघावं लागलं असतं. पावाबद्दल तुमची आई काय बोलली, ते मी सांगू शकते, कारण मी दाराआडच होते. ती म्हणाली, या घरचं खाणं दारातून बाहेर जाणार नाही, आणि कुणी नातेवाईकही दारातून आत येणार नाही. मी पाव परत ठेवला. त्याचा एक घास घेतलेला होता, म्हणून माय तो पुसत होती.

माझ्याकडची म्हातारी म्हणजे तुमची याया. जिवंत आहे, आणि आपल्या मरणावर हसते आहे.

तुम्ही मला हे सगळं सहज लिहिलंत, कारण तुमचा माझ्याशी काही संबंध नव्हता. तुम्ही लहान होता हे मला कळतं. सात वर्षांच्या पोराला मी शिक्षा करणार नाही. पण पुस्तक लिहिलंत तेव्हा तुम्ही पन्नास वर्षांचे होता, ती मुलगी तुम्हाला आठवत होती, आणि तुम्ही तिला दुसऱ्यांदा दाराबाहेर काढलंत.

पान ६४ वरचं ते वाक्य मी लिहिणार नाही.

लुडविना, तासीची मुलगी


हार्लेम
२१ जून २००४

लुडविनाबाई,

उत्तराला दोन महिने लागले. या काळात मी सात पत्रं लिहिली. सगळ्यांत मी फार चांगला माणूस होतो, म्हणून फाडली.

ती जिवंत आहे. हे लिहिताना मला उठून खोलीत फिरावं लागतं. बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तू तिला शोधलंच नाहीस, कास्पर, मारून मोकळा झालास. ती बरोबर बोलली.

तुमच्या आईला मी काय म्हणू, मला कळत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. पापियामेंतु आवृत्तीत तुम्हाला हवा तो बदल करा. ते वाक्य काढा, त्या जागी तासीला मुलगी होती असं लिहा, ती मुलगी तुम्हीच असं लिहा. तुमच्या भाषेत काय यावं याचा पूर्ण अधिकार मी तुम्हाला देतो, प्रकाशकालाही तसं पत्र पाठवतो.

डचमध्ये मात्र कठीण आहे. पुस्तक चौदा वेळा छापलं गेलं आहे. शाळांत लागलं आहे. 'मीच तिचं मूल होतो' हे वाक्य लोक भाषणांत म्हणतात, एका पोस्टकार्डवरही छापलं आहे. तेवढं ओढलं तर सगळं विणकाम उसवेल. आणि शेवटी ती कादंबरी आहे, बाई. खोटं बोलायची परवानगी असलेली गोष्ट.

चिंच तरी माझीच आहे ना? तेवढं एक तुमच्या आईला विचाराल का?

कास्पर


सोतो
८ जुलै २००४

कास्पर टेरलिंडेन यांस,

तुमची परवानगी परत पाठवते.

पापियामेंतुत दुरुस्ती करून मी कुणाला काय सांगणार? तासीला मुलगी आहे हे सोतोत प्रत्येक घराला माहीत आहे, दुकानदाराला माहीत आहे, बसच्या ड्रायव्हरला माहीत आहे. ते वाक्य तुम्ही डचमध्ये लिहिलंत आणि डच वाचणाऱ्यांनी ते खरं मानलं. आमच्या भाषेत आम्हाला आमचीच गोष्ट परत देऊन तुम्ही तिकडे पोस्टकार्ड विकत राहणार. मी अनुवादक आहे. तुम्ही लिहाल तेच मी लिहीन. तुमच्या चुकीवर घरबसल्या पांघरूण घालायला मी बसलेली नाही. दुरुस्त करायचं तर जिथे चुकलात तिथे करा. वर्गातसुद्धा मी हेच सांगते, फळ्यावर चुकलात तर फळ्यावरच पुसा. ते झालं नाही, तर तुमच्या पुस्तकावर माझं नाव येणार नाही.

आता चिंच. विचारलं मी. तुमच्यासाठी नाही विचारलं, माझ्यासाठी विचारलं. चौथ्या दिवशी कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझी आहे ती."

मी म्हटलं, काय माझी?

"नाळ. तुझी. तुला आजीकडे ठेवलं तेव्हा फडक्यात बांधून बरोबर नेली होती. कामावरच्या पहिल्या आठवड्यात पुरली."

आमच्याच आवारात का नाही पुरलीस, मी विचारलं. तर म्हणाली, "ते आवार कुठे आपलं होतं गं? मळेवाल्याचं. तो उठा म्हणाला की भांडी डोक्यावर घेऊन उठायचं. त्या मोठ्या घराला कुणी उठवणार नव्हतं. म्हटलं, पोरीची नाळ अशा जागी घालावी जिथून तिला कुणी हलवणार नाही. आणि मीही तिथेच. तेवढीच तू मला जवळ ठेवता येत होतीस. मग तो विचारायला लागला. तो आईला सगळं सांगायचा. खरं सांगितलं असतं तर उकरून काढायला लावलं असतं त्यांनी. म्हणून म्हटलं, तुझीच."

रोजचं वाटीभर पाणी माझ्यासाठी होतं. बारा वर्षं. पन्नास वर्षं मी धरून बसले होते की तिने सगळं तुम्हाला दिलं. आणि आता ते कळून मला हलकं वाटावं की नाही? वाटत नाही. दिवसभर घरात इकडून तिकडे फिरते, एक काम धड होत नाही. एवढी माया होती तर ती माझ्यापर्यंत का पोचली नाही, असं तिला ओरडून विचारावंसं वाटतं, आणि विचारत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळली पाहिजे. तुम्ही पुस्तक बदलावं असं तिला वाटत नाही. ती म्हणते, राहू दे त्याला ते झाड, लेकरू होतं ते. अजून तुमचीच बाजू. पण खरं कारण दुसरं आहे, आणि ते तिने कालच सांगितलं. ती नोकरीसाठी मला नाही म्हणाली, हे लोकांना कळेल. बायका म्हणतील, तासीने आपल्या पोटच्या पोरीला नाकारलं. तिला त्याची लाज वाटते. छप्पन वर्षं वाटते आहे. मी म्हटलं, माय, ती लाज तुझी नाही. तिला ते पटलं नाही.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. तुम्ही बदललंत तर ते मायच्या इच्छेविरुद्ध असेल आणि माझ्या मागणीवरून. मी ते अंगावर घेते. तुमच्या अंगावर काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

लुडविना


हार्लेम
११ ऑगस्ट २००४

लुडविनाबाई,

फलक रद्द करायला सांगितला आहे. हॉटेलवाल्यांना कारण विचारायचं होतं, मी म्हटलं, नाळ माझी नाही. मृत्युपत्रही बदललं आहे. राखेचं काय करायचं ते सुचत नाही, पण ती तुमची काळजी नव्हे.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी फार चिडलो होतो. खरं सांगतो. तुमच्यावर नाही, आणि तिच्यावर तर नाहीच. मला कुणी लुटल्यासारखं वाटत होतं, आणि ज्याने लुटलं तो चोर मीच निघालो. मग एके सकाळी मनात आलं, की ते एक खोटं बोलण्याइतकी ती मला घाबरत होती. सहा वर्षांच्या मला. बारा वर्षं मी जिला माझं माणूस म्हटलं, ती माझ्यासमोर तोलून बोलत होती. त्यानंतर चिडता आलं नाही.

प्रकाशकाने विचारलं, वेड लागलं आहे का. एकाने सुचवलं, शेवटी एक टीप घालू, वाचणारा वाचेल. मी नको म्हटलं, पान ६४ वरच. चार मसुदे केले. प्रत्येकात माझा पश्चात्ताप तासीपेक्षा जास्त जागा खात होता. शेवटी एवढंच राहिलं. पंधरावी आवृत्ती ऑक्टोबरात येते, तिच्यात 'तासीला मूल नव्हतं. मीच तिचं मूल होतो' ही दोन्ही वाक्यं नसतील. त्यांच्या जागी हे असेल:

'माझ्या आईने तासीला विचारलं, तुला मूल आहे का, आणि नाही हे एकच उत्तर त्या घरात चालणार होतं. तासीला माझ्याच वयाची मुलगी होती. तिचं नाव लुडविना. ती एकदा आमच्या दाराशी आली, तासी तिचे केस विंचरत होती, आणि मी चहाडी करून तिला घालवलं.'

अकराव्या प्रकरणाचं शेवटचं पान पुन्हा लिहिलं आहे. मुलगा चिंचेखाली उभा आहे आणि नाळ कुणाची ते आता वाचणाऱ्याला ठाऊक आहे, त्याला नाही. दोन्ही पानं सोबत आहेत. अनुवाद करायचा की नाही, तुम्ही ठरवा. सप्टेंबरात मी येणार नाही. आलो तर सगळे पुन्हा माझ्याकडेच बघतील.

तिला काही सांगू नका. वाचून दाखवा, तेवढं पुरे.

कास्पर


सोतो
३० ऑगस्ट २००४

कास्पर,

पानं मिळाली. अनुवाद झाला, काल प्रकाशकांकडे दिला. माझ्या नावासकट.

काल दुपारी मायला वाचून दाखवलं. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती, वारा एवढा होता की मला कागद दोन्ही हातांनी धरावा लागत होता. मी पापियामेंतुत ते वाक्य वाचलं. तिने तोंड आवाराकडे वळवलं. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. ती म्हणाली, "असं नाही. त्यांच्या भाषेत वाच."

मायला डच येत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुमच्या घरी ती होय आणि नाही एवढंच बोलायची, आमच्याकडे तेही नाही. मी शाळेतलं डच घरी आणलं की ती उठून चुलीकडे जायची. तरी मी तुमचं पान काढलं आणि तुमच्या डचमध्ये वाचलं. माझ्या आईने तासीला विचारलं, तुला मूल आहे का. तिथे तिने हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि मी थांबले.

ती खुर्चीतून उठली. हात ॲप्रनला पुसले आणि ताठ उभी राहिली. माझ्याकडे तोंड नव्हतं, समोर आवारात कुणी उभं असावं तसं होतं. आणि स्वच्छ डचमध्ये, एक अक्षर न चुकता, म्हणाली:

"होय, बाईसाहेब. आहे. मला एक मुलगी आहे."

मग खाली बसली आणि मला म्हणाली, पुढचं वाच. मला वाचता येईना. एकतीस वर्षं मी वर्गात कुणासमोर रडले नाही. काल ओट्याच्या पायरीवर बसून तिच्या गुडघ्यांना धरून रडले, आणि ती माझे केस विंचरावेत तशी बोटं फिरवत राहिली. घाई नव्हती तिला कसलीच.

लुडविना